एस्पोझितो : एका आडनांवाची कुळकथा

मनुष्याचें आडनांव म्हणजे त्याच्या कुळाचा उंबरठा, अशी आपणां सर्वांची समजूत असते. नवखा गृहस्थ ओसरीवर येऊन बसला कीं पहिला प्रश्न नांवाचा, दुसरा गांवाचा आणि तिसरा ‘म्हणजे कोणत्या घराण्यांतले?’ असा ठरलेला. या तिसऱ्या प्रश्नाच्या पोटीं एक गृहीतकृत्य दडलेलें असतें. तें असें कीं, आडनांवाचा धागा हातीं धरून मागें मागें गेलें म्हणजे शेवटीं कोणी एक मूळपुरुष भेटतो, आणि तें आडनांव लावणारे सर्व लोक त्याच्याच रक्ताचे असतात. हें कितपत खरें आहे, याची परीक्षा स्वतःच्याच आडनांवावर करूं लागलें तर कुळाभिमान आड येतो. म्हणून या महिन्यांत आम्हीं परीक्षेसाठीं दूरचें एक आडनांव घेतलें आहे. तें म्हणजे इटली देशांतील नेपल्स शहराचें ‘एस्पोझितो’. ‘पो’ या अक्षरावर जोर देऊन तें उच्चारतात. नेपल्समध्यें या आडनांवाचे लोक इतर कोणत्याही आडनांवापेक्षां अधिक आहेत, आणि सगळ्या इटलींत सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनांवांत त्याची गणना होते. आपल्या तरुण मंडळींस आवडणारा पिझ्झा नांवाचा पदार्थ १८८९ सालीं मार्गेरिता राणीसाठीं ज्यानें केला अशी आख्यायिका सांगतात, तो नेपल्सचा भटारीही एस्पोझितोच होता.

इटालियन आडनांवांची सामान्य घडण आधीं पाहूं. आपल्याकडच्याप्रमाणेंच तेथेंही आडनांवांचे कांहीं ठराविक वर्ग आहेत. बापाच्या नांवावरून आलेलें ‘दि पिएत्रो’ म्हणजे पिएत्रोचा; गांवावरून आलेलें ‘रोमानो’ म्हणजे रोमचा; रंगरूपावरून आलेलें ‘रोस्सी’, किंवा दक्षिणेकडील ‘रुस्सो’, म्हणजे तांबूस केसांचा वा वर्णाचा; आणि धंद्यावरून आलेलें ‘फेर्रारी’ म्हणजे लोहार. मध्ययुगांत हीं नांवें बहुधा ओळखीपुरतींच असत; पुढें तीं पिढीजात झालीं. १५४५ ते १५६३ या काळांत त्रेंत या गांवीं जी मोठी धर्मपरिषद भरली, तिनें विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा दंडक पाद्र्यांस घालून दिला. नेपल्सच्या राज्यांत फ्रेंच अमलाखालीं १८०९ पासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंदही सुरू झाली. कागदावर एकदां चढलेलें आडनांव मग सहसा ढळेना.

एवढ्या यादीवरूनही आपल्या गृहीतकृत्यास पहिला धक्का बसतो. लोहार एका गांवीं नव्हता, गांवोगांवीं होता. म्हणून एक फेर्रारी दुसऱ्या फेर्रारीचा भाऊबंद असलाच पाहिजे असें मुळींच नाहीं. आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले तर ते एकमेकांस सोयरे होऊं शकतात, दोन जोशी तर गोत्रानें व शाखेनेंही वेगळे असूं शकतात, हें आपल्या घरांतील आजीबाईंस पक्कें ठाऊक असतें. वृत्तीवरून पडलेलें नांव वृत्ति सांगतें. रक्त सांगत नाहीं.

परंतु ‘एस्पोझितो’ हें वरच्या कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. लॅटिन भाषेंत ‘पोनेरे’ या धातूचा अर्थ ठेवणें, आणि ‘एक्स’ या उपसर्गाचा अर्थ बाहेर. या दोहोंपासून झालेलें कर्मणि भूतकालवाचक विशेषण ‘एक्स्पोझितुस’, म्हणजे बाहेर ठेविलेला. प्राचीन रोमन लोकांत नको असलेलें अर्भक घराबाहेर नेऊन ठेवीत. ज्यास दया येई तो तें उचली. कोणी मूल म्हणून वाढवी, कोणी दास म्हणून. त्या ‘बाहेर ठेविलेल्या’ बालकाचें वर्णन करणारा हा शब्द पुढें त्याचें नांव झाला, आणि त्याच्या मुलानातवंडांचें आडनांव झाला.

ख्रिस्ती धर्माचा अंमल पक्का झाल्यावर या मुलांची सोय लावण्याचें काम हळूहळू धर्मसंस्थांकडे आलें. मिलान शहरांत दातेउस नांवाच्या धर्मोपदेशकानें ७८७ सालीं टाकलेल्या मुलांसाठीं आश्रम काढला. या प्रकारच्या सर्वांत जुन्या संस्थांत त्याची गणना होते. रोममध्यें ११९८ च्या सुमारास तिसरा इनोसेंट या पोपनें ‘सांतो स्पिरितो’ रुग्णालयाची प्रतिष्ठापना केली. तायबर नदींत टाकलेलीं अर्भकें कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडूं लागलीं, तें पाहून पोप महाराजांस ही बुद्धि झाली अशी कथा तेथें परंपरेनें सांगतात. फ्लॉरेन्समध्यें ब्रुनेलेस्की या विख्यात स्थपतीनें १४१९ सालीं ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप बालकांच्या, आश्रमाची इमारत आरंभिली. तेथें १४४५ च्या फेब्रुवारींत जी पहिली बालिका आली, तिचें नांव आगाता स्मेराल्दा असें वहींत लिहिलेलें आहे.

नेपल्समधील संस्था ‘आन्नुंत्सियाता’ या नांवाची. तिची स्थापना चौदाव्या शतकांतली. तिच्या रस्त्याकडील भिंतींत लहानशा खिडकीएवढी जागा ठेवून तेथें उभ्या आंसावर फिरणारें, एका अंगानें उघडें, असें लांकडी पिंप बसविलें होतें. त्यास ‘रुओता’, म्हणजे चाक, असें म्हणत. मूल आणणाऱ्यानें तें पिंपांत ठेवावें व पिंप फिरवावें, कीं मूल भिंतीच्या आंत आणि ठेवणारा बाहेर. आंतल्या बाजूस रात्रंदिवस पहाऱ्यावर असणारी बाई मूल उचलून घेई. बाहेरच्यास आंतली दिसत नसे, आंतलीस बाहेरचा. लाज, भीति आणि दया या तिहींची एकाच वेळीं सोय लावणारें असें दुसरें यंत्र आम्हांस तरी माहीत नाहीं.

मूल आंत आल्यावर त्याची नोंद होई. तें कोणत्या वेळीं आलें, अंदाजें किती दिवसांचें, अंगावर कोणतीं वस्त्रें, बरोबर कांहीं चिठ्ठी अथवा खूण आहे कीं काय, हें सारें लिहून घेत. मग गळ्यांत शिशाची एक मुद्रा बांधीत. ती त्याची ओळख. कोणी आई पुढेंमागें मूल परत मागावयास यावें या आशेनें त्याच्यापाशीं अर्धें नाणें, अर्धें पदक किंवा कापलेल्या कागदाचा अर्धा तुकडा ठेवून जाई. दुसरा अर्धा स्वतःपाशीं. दोन्ही तुकडे जुळले कीं मूल आईचें. फ्लॉरेन्सच्या आश्रमाच्या संग्रहालयांत असे अर्धे तुकडे आजही जपून ठेविलेले आहेत. ते जुळविण्यास कोणी आलेंच नाहीं, म्हणूनच ते तेथें राहिले.

मुलें बहुधा खेड्यांतील दाईंकडे दूध पाजण्यास देत. परंतु या आश्रमांचा मृत्यूचा हिशेब भयंकर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इटलींतल्या अनेक आश्रमांत कित्येक वर्षीं निम्म्याहून अधिक अर्भकें वर्षाची होण्यापूर्वींच दगावलीं. तेव्हां आज जो मनुष्य एस्पोझितो हें नांव लावतो, त्याचा तो पूर्वज एवढ्या संकटांतून वांचून, मोठा होऊन, धंदाउद्योग शिकून, संसार थाटून गेलेला होता, हें विसरतां कामा नये. त्या शब्दाच्या अर्थांत नसलेली, पण त्याच्या इतिहासांत असलेली, ही गोष्ट आहे.

नेपल्समधील लोक या मुलांस ‘मादोन्नाचीं लेंकरें’ म्हणत. आईबाप ठाऊक नाहींत, तेव्हां मेरीमातेचीं. परंतु वहींत आडनांवाची जागा रिकामी ठेवतां येत नाहीं; म्हणून तेथें ‘एस्पोझितो’ असें लिहीत. पुढें १८१४ सालीं, नेपोलियनचा मेहुणा म्यूरा हा नेपल्सचा राजा असतांना, टाकलेल्या मुलांस सरसकट हेंच आडनांव देण्याची चाल बंद करण्यांत आली, कारण तें ऐकतांच मनुष्याचा जन्म चव्हाट्यावर येई. त्यानंतर अशा मुलांस निरनिराळीं कल्पित आडनांवें देऊं लागले. परंतु तोंवर कित्येक पिढ्या हें नांव लावून संसार करीत आल्या होत्या, आणि त्यांचा वंशविस्तार चालूच राहिला. कांहींनीं आद्याक्षर गाळून ‘स्पोझितो’ केलें. बोलोन्याकडे ‘देल्यी एस्पोस्ती’ असें रूप आढळतें.

इतर शहरांनीं आपापल्या परीनें हेंच केलें. फ्लॉरेन्सकडे ‘इन्नोचेंती’ व ‘नोचेंतीनी’ हीं आडनांवें आश्रमाच्या नांवावरून आलीं. रोमकडील ‘प्रोयेत्ती’ हें पुढें फेंकलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेलें. आपल्या वैयाकरणांनीं त्याचें भाषांतर ‘प्रक्षिप्त’ असें केलें असतें, आणि दोहोंतील ‘प्र’ व ‘प्रो’ हे उपसर्गही एकाच मूळचे आहेत. मिलानमध्यें मोठ्या रुग्णालयाचें चिन्ह कबूतर. म्हणून तेथें आलेल्या मुलांस ‘कोलोम्बो’ हें आडनांव देत. तें देणें १८२५ सालीं बंद झालें. येथें एक सावधगिरी ठेविली पाहिजे. कोलोम्बो हें नांव इतर मार्गांनींही पडलेलें आहे. अमेरिकेस जाणारा कोलंबस हा जिनोव्हाच्या विणकराचा मुलगा, त्याचा आश्रमाशीं कांहीं संबंध नाहीं. पक्ष्यावरून टाकलेल्या मुलाचें नांव पडावें हें वाचून मात्र आम्हांस शकुंतलेची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. मेनकेनें टाकलेल्या त्या बालिकेचें रक्षण शकुंतांनीं, म्हणजे पक्ष्यांनीं केलें, म्हणून कण्वांनीं तिला तें नांव दिलें, असें महाभारतांत सांगितलें आहे.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. चाकांत ठेविलेलीं सर्व मुलें अविवाहित स्त्रियांचींच असत असें नव्हे. दुष्काळ, रोगराई, बाळंतपणांत आईचा मृत्यु, घरांत आधींचींच पांच-सहा तोंडें, अशा कारणांनीं गरीब विवाहित जोडपींही मूल ठेवून जात. मिलानमध्यें एकोणिसाव्या शतकांत अशा औरस मुलांचा भरणा फार मोठा होता. गिरणींत राबणाऱ्या आया मूल दूध तुटेपर्यंत तेथें ठेवून मागाहून घेऊन जात. हें लक्षांत आल्यावर एकेका शहरानें चाक बंद करण्यास आरंभ केला. फेर्रारा येथें १८६७, मिलान येथें १८६८, नेपल्स व फ्लॉरेन्स येथें १८७५. आणि १९२३ च्या कायद्यानें सगळ्या देशांतूनच चाकें बंद झालीं. त्यापुढें मूल प्रत्यक्ष कचेरींत नेऊन द्यावें लागे.

आतां रक्ताच्या प्रश्नाकडे वळूं. मनुष्याच्या प्रत्येक पेशींत ४६ गुणसूत्रें, म्हणजे २३ जोड्या असतात. त्यांपैकीं वाय नांवाचें गुणसूत्र केवळ पुरुषांत असतें, आणि तें बापाकडून मुलास जवळजवळ जसेंच्या तसें मिळतें. मधून मधून त्यांत बारीकसा बदल होतो. नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून पोथींत एखादें अक्षर चुकावें तसा. पोथ्यांतील सामाईक चुकांवरून त्या कोणत्या एका प्रतीवरून उतरल्या हें जसें पंडित ओळखतात, तसें या बदलांवरून दोन पुरुषांचा पितृवंश एक आहे कीं नाहीं, हें शास्त्रज्ञ ओळखतात. युरोपांतील आडनांवही बापाकडून मुलाकडे जातें. म्हणजे आडनांव व वाय-गुणसूत्र हे दोन प्रवासी एकाच वाटेनें चालणारे. त्यांची सोबत शेवटपर्यंत टिकते काय, हा प्रश्न.

इंग्लंडमध्यें ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञानें २००० सालीं आपल्याच आडनांवाच्या पुरुषांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं निम्म्याच्या जवळपास पुरुषांचें वाय-गुणसूत्र एकाच ठशाचें निघालें, म्हणजे त्यांचा मूळपुरुष बहुधा एक. राहिलेल्यांच्या वंशांत शतकानुशतकें कोठें दत्तविधान, कोठें आईचें आडनांव, कोठें संसारांतील गुप्त प्रकरण, असें कांहीं झालें असावें. दर पिढीस शेंकडा एक-दोन एवढाच असा फेर धरला, तरी वीस-पंचवीस पिढ्यांत त्याचा डोंगर होतो. पुढें २००९ सालीं टूरी किंग व मार्क जॉब्लिंग यांनीं ४० इंग्रजी आडनांवें तपासलीं. दुर्मिळ आडनांवाचे लोक पुष्कळदां एकाच पितृवंशाचे निघाले. परंतु ‘स्मिथ’, म्हणजे लोहारच, या आडनांवाच्या दोन माणसांत रस्त्यावरच्या कोणत्याही दोघांहून अधिक साम्य आढळलें नाहीं. इटलींतही लुइजी लुका काव्हाल्ली-स्फोर्झा (१९२२–२०१८) या जिनोव्हांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें पार्मा नदीच्या खोऱ्यांतील चर्चच्या नोंदवह्या, तेथील आडनांवें व तेथील लोकांचें रक्त यांचा एकत्र अभ्यास करून खेड्यापाड्यांतील वंशांची गुंफण उलगडून दाखविली. डोंगरांतल्या लहान गांवीं नात्यांतच लग्नें होऊन आडनांवें थोडीं व रक्त एकमेकांजवळचें. मैदानांतील मोठ्या गांवीं तसें नाहीं.

हा नियम एस्पोझितोस लावून पाहा. येथें मूळपुरुष एक नाहीं, दहा नाहींत. त्या नांवानें आश्रमाच्या वहींत चढलेला आणि वांचून संसारास लागलेला प्रत्येक मुलगा हा एकेका स्वतंत्र शाखेचा मूळपुरुष आहे. त्याचा बाप कोळी असेल, शिपाई असेल, बंदरावर आलेला खलाशी असेल, नाहीं तर शेजारच्या वाड्यांतला सरदारही असेल. नेपल्स हें मुळांत ग्रीक वसाहतवाल्यांनीं वसविलेलें शहर. पुढें तेथें रोमन आले, नॉर्मन आले, स्पॅनिश सुभेदारांनीं दोनशें वर्षें कारभार केला. दक्षिण इटलींतील पुरुषांत वाय-गुणसूत्राचे अनेक निरनिराळे वंश मिसळलेले आढळतात: कांहीं पश्चिम युरोपांत अधिक दिसणारे, कांहीं पूर्वेकडील भूमध्य किनाऱ्यावरचे, कांहीं बाल्कन प्रदेशांतले. एस्पोझितो मंडळींत यांपैकीं कोणताही निघूं शकेल. म्हणजे आडनांव सर्वांत मोठें, आणि ‘कूळ’ या अर्थानें पाहिलें तर तें कूळच नव्हे.

येथें थोडें गणित करूं. प्रत्येकास आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईबाप आठ. अशा दहा पिढ्या, म्हणजे सुमारें तीनशें वर्षें, मागें गेलें तर त्या थरांत १०२४ पूर्वजांच्या जागा भरतात. नात्यांतल्या लग्नांमुळें एकच मनुष्य दोन-चार जागांवर बसलेला आढळेल, हें खरें. पण आडनांव त्या १०२४ जागांपैकीं फक्त एकीवरून आलेलें असतें, आणि वाय-गुणसूत्रही तिच्यावरूनच. राहिलेल्या १०२३ जागांचें नांव आपण लावीत नाहीं, परंतु आपले डोळे, उंची, आवाज, रोगाविषयींची प्रतिकारशक्ति हें सारें त्या सर्वांच्या पदरचें आहे. आजचा एखादा एस्पोझितो आपल्या एका पूर्वजापुरता ‘बाहेर ठेविलेला’. उरलेल्यांत कोण कोण आहेत, तें नांव सांगत नाहीं. आणि उलट बाजूनें, ज्यांचें आडनांव अगदीं निष्कलंक, त्यांच्या त्या १०२३ जागांत चाकांतून आलेली एखादी मुलगी नसेलच, असें नेपल्समध्यें कोणास छातीस हात लावून सांगतां येईल? मुलींस लग्नानंतर मुलांस आपलें नांव देतां येत नसे; त्यामुळें आश्रमांतल्या मुलींचे वंशज आज इतर शेंकडों आडनांवांखालीं सुखानें नांदत आहेत.

अलीकडे थुंकीचा नमुना पाठविला म्हणजे तुमचें रक्त शेंकडा इतकें अमक्या देशाचें असा कागद परत येतो. हा कागद वाचतांना एक गोष्ट ध्यानांत धरावी. ते आंकडे पूर्वजांची गणति नव्हेत. हयात असलेल्या निरनिराळ्या देशांतील लोकांच्या नमुन्यांशीं तुमचें किती साम्य आहे, याचा तो अंदाज असतो. नमुन्यांचा संग्रह बदलला कीं आंकडेही बदलतात. जवळचें नातें मात्र, म्हणजे आई, भाऊ, चुलतभाऊ, ही परीक्षा पक्कें सांगते. चाकानें जें झांकलें तें या परीक्षेनें उघडूं शकतें, आणि त्यांतून आजच्या इटलींत एक खराखुरा धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहिला आहे. तेथील कायद्यानें बाळंतिणीस आपलें नांव न सांगतां रुग्णालयांत मूल ठेवून जाण्याची मोकळीक आहे, आणि ती नोंद १०० वर्षें उघडतां येत नाहीं. युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें २०१२ सालीं, व पाठोपाठ इटलीच्या घटना-न्यायालयानें २०१३ सालीं, असा निर्णय दिला कीं मुलानें विनंती केल्यास आईस गुप्तपणें विचारण्याची तरी सोय असली पाहिजे कीं, बाई, तुझी अजूनही नकारच आहे काय? आईच्या मौनाचा हक्क मोठा, कीं मुलाच्या जिज्ञासेचा? न्यायालयानें दोघांसही तोलून मधली वाट काढली. थुंकीची परीक्षा मात्र कोणास विचारीत नाहीं.

हें सारें आमच्या वाचकांस दूरदेशचें वाटेल. परंतु आमच्या एका वाचकांच्या घरीं हा प्रश्न पाटावर येऊन बसला आहे. त्यांची नात परदेशीं शिकावयास होती. तेथें तिनें जो वर पसंत केला तो नेमका एस्पोझितो. मुलगा सुशिक्षित, स्वभावानें सालस, आईबापांस धरून राहणारा. पण घरांतील कोणी कोश काढून आडनांवाचा अर्थ पाहिला, आणि तेव्हांपासून वडील मंडळींच्या तोंडचें पाणी पळालें. ‘टाकलेल्याच्या घरांत मुलगी द्यावी काय?’ असें त्यांनीं आम्हांस विचारलें आहे. त्यांना जें उत्तर आम्हीं पाठविलें, त्याचा सारांश येथें देतों, कारण हा प्रश्न उद्यां इतर घरींही येईल.

पहिली गोष्ट, तो अर्थ त्या मुलाविषयीं कांहींच सांगत नाहीं. दोनशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका अर्भकावर आलेल्या प्रसंगाविषयीं सांगतो, आणि तें अर्भक औरस होतें कीं अनौरस हेंही सांगत नाहीं. दुसरी गोष्ट शास्त्राची. मनुस्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. आईबापांनीं किंवा त्यांपैकीं एकानें टाकलेला आणि दुसऱ्यानें आपला म्हणून घेतलेला जो पुत्र, त्यास तेथें ‘अपविद्ध’ अशी संज्ञा आहे, आणि दायाचा अधिकार असलेल्या पहिल्या सहा पुत्रांत त्याची गणना केली आहे. म्हणजे एस्पोझितो या शब्दास आमच्या धर्मशास्त्रांत नेमका प्रतिशब्द आहे, आणि त्याबरोबर मानाची जागाही आहे. शकुंतलेच्या कथेंतच कण्वमुनि सांगतात कीं शरीर देणारा, प्राण राखणारा व अन्न घालणारा, या तिघांसही पिता म्हणावें. आश्रमांतल्या मुलांचा पहिला पिता अज्ञात असेल. दुसरे दोन तर ज्ञात आहेत. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकामाचें उदाहरणही विसरूं नये. आईस त्याचें गोत्र सांगतां आलें नाहीं. त्यानें गुरूपुढें तेंच खरें सांगितलें, आणि त्या खरेपणावरच गौतमांनीं त्याचें उपनयन केलें. पुढें आईच्या नांवानें जाबाल म्हणून तो ऋषि झाला.

तिसरी गोष्ट अशी कीं, विवाहांत कुळाचा विचार करतांना आमच्या शास्त्रकारांनीं केवळ बापाकडचा धागा पाहिला नाहीं. सापिंड्य मोजतांना बापाकडच्या सात पिढ्यांबरोबर आईकडच्याही पांच धरल्या. आडनांव आईस विसरतें. सापिंड्य विसरत नाहीं. तेव्हां आडनांवावरून रक्ताचा निवाडा करणें हें शास्त्रास धरूनही नाहीं. बाकी सगोत्रतेची भीति येथें कोणास वाटण्याचें कारण नाहीं, एवढें हास्यानें लिहून, मुलाची प्रकृति, विद्या, मिळकत आणि आईबापांशीं वागणूक, या नेहमींच्या चार गोष्टी नेहमींच्याच कसोशीनें पाहाव्यात, असें आम्हीं कळविलें.

कांहीं वाचक म्हणतील, असलीं मुलें इटलींत. आपल्याकडे हा प्रकार नव्हता. त्यांनीं पुण्याचा इतिहास आठवावा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें, तें मुख्यतः कोणासाठीं? ज्यांस पुनर्विवाह बंद होता आणि ज्यांच्या चुकीची शिक्षा त्यांच्या अर्भकांस होत होती, अशा उच्चवर्णीय घरांतल्या विधवांसाठीं. तेथेंच काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेस झालेला मुलगा फुले दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. आणि ज्या १८७५ सालीं नेपल्सचें चाक थांबलें, त्याच सालीं पंढरपुरास अशा मुलांसाठीं बालकाश्रम निघाला. त्याचा सांभाळ पुढें प्रार्थनासमाजानें केला. चंद्रभागेच्या वाळवंटावर येणाऱ्या वारकऱ्यांच्या गर्दींत कोणत्या घरांतल्या बायका कशासाठीं येत, हें तेव्हांच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होतें, पण तें बोललें जात नव्हतें. नेपल्सकरांनीं त्या मुलांचें नांव वहींत लिहिलें म्हणून आज आपणांस तें वाचतां येतें. आपल्याकडच्या पुष्कळांचें नांवच लिहिलें गेलें नाहीं.

इटलीनें आपल्यापुरता धडा घेतला आहे. ज्या मुलाचे आईबाप अज्ञात, त्यास त्याचा जन्म सूचित करील असें नांव वा आडनांव अधिकाऱ्यानें देऊं नये, असें २००० सालच्या तेथील नोंदणीच्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे. २०२२ सालीं घटना-न्यायालयानें मुलास आपोआप बापाचेंच आडनांव लावण्याची जुनी पद्धति घटनाविरुद्ध ठरविली. आतां आई व बाप दोघांचींही आडनांवें मुलास मिळूं शकतात. म्हणजे पुढील पिढ्यांत १०२४ पैकीं एकाच जागेचा जो मान होता, त्यांत थोडी वांटणी होईल.

आन्नुंत्सियाता आश्रमाच्या भिंतींतील तें चाक आजही नेपल्सला जाणाऱ्यास दाखवितात. चाकाजवळ आंतल्या अंगास तान्ह्या मुलांस आल्यावर धूत असत ती जागा आहे. नेपल्समधील एस्पोझितो कुटुंबें आपल्या मुलांस तेथें नेतात तेव्हां, आमच्या मतें, तीं आपल्या मूळपुरुषाच्या घरींच जात असतात. इतर कुळांस आपल्या मूळपुरुषाचें नांव ठाऊक असतें. त्यास पहिल्या दिवशीं कोणीं उचलून घेतलें, हें ठाऊक असलेलीं कुळें फार थोडीं.